पंपाला हळदकुंकू

वरसे, ता. रोहा,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. प्रणिताताईस, धाकट्या नितेशचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर? (उत्तर सावकाश दे, पण फोन करू नकोस. हल्ली फोन वाजला की तो शाळेचाच वाटतो. म्हणून तर हे पत्र.) इकडे सुरभीचा दमा सोडला तर सुरभी बरी आहे, आणि सुरभीची शाळा सोडली तर मी बरा आहे.

तुझी भाची चौथीत गेली आणि दम्याचा पंप स्वतःचा स्वतः घ्यायला शिकली. पंप दप्तराच्या खिशात असायचा. धाप लागली की ओढायचा, जरा टेकायचं आणि पुन्हा लंगडी. कुणाला पत्ता नव्हता, आणि तेच बरं होतं. पण मी पडलो जबाबदार पालक! जूनमध्ये वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीतसर कळवलं, की सुरभीला दमा आहे, पंप तिच्या दप्तरात असतो, कृपया लक्ष असावं. ताई, लक्ष दिलं सगळ्यांनी! अंगठ्यांची रांग लागली. एकीने अडुळशाचा काढा सुचवला, एकाने केळी बंद करायला सांगितली, शेजारच्या अष्टमी गावातल्या एका आजोबांनी ‘सुप्रभात’ म्हणून कमळ धाडलं. आणि मुख्याध्यापक केरू सरांनी पंपच काढून घेतला. औषध मुलांच्या हाती नको, जबाबदारी शाळेची, म्हणून तो कपाटात, कुलपात. पंप मुलीजवळच हवा अशी डॉक्टरांची चिठ्ठी मी नेऊन दिली. सरांनी तीही जपून ठेवली (त्याच कपाटात).

मग आली खंडेनवमी. शाळेत पूजा मांडली. शाळेची सगळी साधनं टेबलावर आली: घंटा, पृथ्वीचा गोल, कॉम्प्युटरचा माउस आणि कपाट आवरताना हाती लागलेला आमचा पंप. त्यालाही हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. पुजलेल्या वस्तूला पूजा हलवेपर्यंत हात लावत नाहीत, हे तुला मी काय सांगू? आणि नेमकी उदबत्त्यांच्या धुराने सुरभीला धाप लागली.

सर मनाने वाईट नाहीत. घामाघूम झाले बिचारे. पण पूजेतली वस्तू उचलायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी मला फोन लावला, परवानगीसाठी. आमचे फोन कंपनीच्या गेटवर डब्यात जमा असतात. मी आत पुजलेल्या मशिनीपुढे पेढा खात उभा. शिफ्ट सुटल्यावर काळुराम वॉचमन म्हणतो, "साहेब, तुमचा फोन लय वाजत व्हता. पण दुसऱ्याचा उचलायचा नाय, नियम हाय." म्हणजे सगळे नियमाने वागले, आणि माझी पोरगी श्वासासाठी तडफडत होती.

शेवटी तीच उठली. टेबलाला नमस्कार केला, फूल बाजूला ठेवलं, टोपण काढून पंप ओढला, फ्रॉकला पुसून जागच्या जागी ठेवला आणि वर फूलही ठेवलं. ओठावर कुंकवाची मिशी घेऊन घरी आली. मागोमाग ग्रुपवर सरांचा निरोप: पूजेतील वस्तूंना विद्यार्थ्यांनी परस्पर हात लावू नये, पालकांनी समज द्यावी. खाली पुन्हा अंगठे. त्यात सवयीने एक माझाही.

भावोजींना नमस्कार. मी फार दमलोय गं.

तुझा भाऊ,
नितेश

ता. क. केरू सर पेणच्या शाळेत तुझ्याच हाताखाली शिकले ना? अजून तुझं नाव काढलं की खुर्चीतून उठतात. गुडघे दुखत असले तरी एकदा रोह्याला ये आणि पंप दप्तरातच राहील असं त्यांना तुझ्या आवाजात सांग.

ता. क. दुसरा: येताना पेणहून एक जादा पंप आण. इथल्या दुकानात संपलाय. हाती आला की लगेच शाळेला रीतसर कळवतो.

(खाली पेन्सिलीने)
आत्या, मी सुरभी. पत्र टाकायला मीच चाललेय. नवीन पंप माझ्याच हातात दे. बाबांना दिलास तर ते कळवतील.