टाकायला काही उरलं नाही

आदिलाबाद,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

प्रिय देवश्री,

अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल, नव्या ब्रँचमध्ये बस्तान बसलं असेल. बेल्लमपल्लीला कोळशाची धूळ फार, असं ऐकते. वाळत घातलेले कपडे घडी करण्याआधी झटकावे लागतात का? इकडे थंडी दरवर्षीसारखीच आहे. सकाळी उन्हात बसल्याशिवाय माझी बोटं चालत नाहीत. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे आणि आपल्या कुंपणाच्या तारेला पांढरे पुंजके अडकून बसले आहेत. हे बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण त्याबद्दल बोलायला मिळतं म्हणून खूष असतात.

फोनवर तुझा निरोप वाचला. ‘आई, माझ्या ज्या वस्तू तिथे राहिल्या असतील त्या टाकून द्या. पाठवायचा त्रास घेऊ नका.’ मी उत्तर टाईप करत होते आणि पुसत होते. शेवटी फोन बाजूला ठेवला आणि कागद घेतला. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये दर रविवारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायचे. सिस्टर रोझलिन म्हणायच्या, सुचत नसेल तर हवापाण्यापासून सुरुवात करा, खरं ते आपोआप मागून येतं. हवापाणी वर लिहून झालं आहे. वस्तूंचं उत्तरही देते, पण आधी घरच्या बातम्या ऐक.

तुझी मागच्या अंगणातली, ओल्या कचऱ्याचं खत करायची मडकी. तू गेल्यावर मी त्यांच्याकडे फिरकलेही नव्हते. मग वास यायला लागला. हे म्हणाले, “मडकी उचलून टाकू का?” आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी पदर खोचून तिथे जाऊन बसले. तू करायचीस तसा वाळका पाला टाकला, काठीने खालचं वर केलं, थोडं ताक शिंपडलं. आठवडाभरात वास गेला. आता त्यातली माती मुठीत घेतली की गार लागते आणि तिला गावाबाहेरच्या मावल्याच्या जंगलासारखा वास येतो. शेवग्याला घातली. शेवगा एवढा माजला आहे की शेंगा शेजारी वाटून हात दुखले.

यांची तर वेगळीच गंमत. कचऱ्याची ऑटो आली की आधी मी जायचे, आता हे धावतात. तो माणूस विचारतो, “तडी चेत्ता लेदा, सार?” ओला कचरा नाही का, म्हणून. आणि तुझे सासरे छाती काढून सांगतात, “लेदु!” जणू कलेक्टरच्या हातून बक्षीस मिळालं आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून एवढा ताठ आवाज मी ऐकला नव्हता.

बाजारातही तुझी आठवण निघते. रैतू बाजारातली ती कोपऱ्यावरची भाजीवाली, तिने परवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला ‘कवर’ दिली (इथे प्लास्टिकच्या पिशवीला सगळे कवरच म्हणतात, हे तुला पहिल्यांदा कळलं तेव्हा किती हसली होतीस) आणि मला पाहून हात आखडता घेतला. “तुमच्या कोडलूनं मला रागवून ठेवलंय अम्मा, तुम्हाला कवर द्यायची हिंमत नाही.” कोडलू म्हणजे सून. मी पिशवी पुढे केली. यांच्या जुन्या सदऱ्याची, तू शिवलेली, खिसा तसाच ठेवलेला. त्या खिशात मी सुटे पैसे ठेवते. यांचे सदरे यांच्या अंगावर होते तेव्हा इतके उपयोगी नव्हते.

तुला कधी सांगितलं नाही ते आज लिहिते. तू नवी नवी होतीस. उशीच्या अभ्र्यावर बोट ठेवून तू विचारलंस, “आई, इथे फाटलं होतं का? दिसतच नाही. हे तुम्ही केलं?” मी म्हटलं, रफू आहे, सिस्टर रोझलिनने शिकवलेलं. त्या बाई पार्सलची सुतळीसुद्धा सोडवून गुंडाळून ठेवायच्या, पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली की तिला कागदाची नळी जोडून द्यायच्या. लग्न होऊन मी इकडे आले आणि ते सगळं हळूहळू सुटलं. फाटलं की नवं आणा, एवढं सोपं होत गेलं. मुलाला तर माझ्या सुईदोऱ्याची लाजच वाटायची. आणि तू मांडी घालून समोर बसलीस आणि म्हणालीस, “मला शिकवा.” या घरात मला कुणी ‘शिकवा’ म्हटलं, ते तेव्हाच. लोक मला म्हणतात, सुनेने तुम्हाला चांगल्या सवयी लावल्या. मी मान डोलावते. पण तू मला माझंच विसरलेलं काढून दिलंस, ते त्यांना कुठे माहीत!

आता मोठी बातमी. शुक्रवारी आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं.

मी करणारच नव्हते. पण द्वारकाबाई फाटकातूनच ओरडल्या, “काऊन वं विनोदिनीबाई, औंदा तुमच्या घरी हळदीकुकू नाही का? तीळ महाग झाले का?” द्वारकाबाईंना नाही म्हणायला पोलादाचं काळीज लागतं. मग ठरवलं, करायचंच तर तू मागच्या वर्षी म्हणाली होतीस तसं करू. आठवतं? प्लास्टिकची साबणदाणी वाणात मिळाली तेव्हा तू म्हणाली होतीस, पुढच्या वर्षी कुणी नवं वाण आणायचंच नाही, प्रत्येकीने माळ्यावर पडलेलं जुनं वाण काढायचं आणि जिला जे लागेल ते तिने न्यायचं. सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते.

मी तसा निरोप धाडला. द्वारकाबाई येतानाच टोमणा घेऊन आल्या. “आधी आमाले माळे उपसाले लावता, मंग वाण काय देता? धूळ?” पण पिशवी मात्र सगळ्यांत फुगलेली त्यांचीच होती.

सतरंजीवर काय काय निघालं म्हणून सांगू! डबे, डब्या, कंगवे, गाळण्या, मोबाईलचे बटवे, कधीच न उघडलेल्या कुंकवाच्या कोयऱ्या. अर्ध्यांवर दुकानाची चिठ्ठी तशीच. आणि त्यातून रेणुकाबाईंनी एक हिरवी चाळणी उचलली, उलटी केली आणि किंचाळल्या.

“अगं बाई! हे तं माहीच आहे! हा नेलपॉलिशचा ठिपका पाह्य, मीनंच लावला होता!”

रेणुकाबाई आपल्या सगळ्या भांड्यांना ठिपका लावतात, तुला माहीतच आहे. कधीकाळी त्यांनी घरातली जास्तीची चाळणी वाण म्हणून दिली, ठिपका पुसायचं राहून गेलं.

“मंग माह्या पिशवीत कशी आली?” द्वारकाबाई म्हणाल्या. “मले तं ते विनोदिनीबाईनं देल्ली होती.”

आता सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, “मला रेणुकाबाईंच्या शेजारणीने दिली होती. मी तशीच पुढे ढकलली.”

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. “म्हंजे साऱ्या कॉलनीत एकच चाळणी फिरून राह्यली! अन् मी दर साली म्हणून राह्यली, वा, काय छान वाण आहे!”

देवश्री, आम्ही किती हसलो! रेणुकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी. एकमेकींना नको असलेलं देत होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं, लबाडी आपण एकटीच करतो. मग एकदम सगळं सोपं झालं. जिला डबा हवा तिने डबा घेतला, कुणी नातीला बटवा, कुणी कंगवे देवळापाशी बसणाऱ्या बायकांना द्यायला नेले. नवीन असं काहीही कुणी विकत आणलेलं नव्हतं, तरी रिकाम्या हाताने कुणी गेलं नाही.

आणि तेव्हाच द्वारकाबाई बोलल्या. “ही अक्कल तुमच्या सूनबाईची नं? मागच्या साली बोलली होती, आठोते मले. मंग ती आहे कोठी? दिवाळीलेबी दिसली नाही.”

इतके दिवस मी ‘बदली झाली’ एवढंच सांगत होते. खोटं नव्हतं ते. पण तुझी कल्पना समोर सतरंजीवर मांडलेली, तिच्यावरून एवढं हसून झालेलं, आणि तुझ्याबद्दल अर्धंच सांगायचं, हे मला जमेना. मी म्हटलं, “बदली झाली हे खरं. पण ती आणि अपूर्व वेगळे झालेत. कोर्टात कागद दिलेत. ती आता माझी सून राहिली नाही.”

मोठ्याने म्हटलं आणि माझं मलाच ते ऐकू आलं.

द्वारकाबाई तोंडातला तीळगूळ चावत राहिल्या. तो संपवून म्हणाल्या, “सून नाही राह्यली, तं मानूसबी नाही राह्यली का? रथसप्तमी व्हाची आहे अजून. तिचं वाण काढून ठेवा.”

रेणुकाबाई हळूच म्हणाल्या, “पण आता तिले कुकू…”

“कपाळ तिचं आहे. तिले इचारा. आपून काऊन ठरवा?”

आणि त्यांनी कमरेचा बटवा उघडून वर्तमानपत्राची पुडी काढली. जैनथच्या त्यांच्या शेतातल्या अंबाडीचं अन् वालाचं बी. नातवासाठी नेत होत्या. माझ्या हातात कोंबली आणि बजावलं, “कागदातच द्या वं. पन्नीत घातलं तं ते पोरगी मलेच रागवन.”

तू इथे नाहीस, तरी तुझा असा धाक आहे या बायकांना. मला इतकं कौतुक वाटलं तुझं! तू कधी कुणाला व्याख्यान दिलं नाहीस. नुसती करत राहायचीस. हॉटेलातून काही आणायचं तर डबा घेऊन जायचीस, तांदळाचं पाणी तुळशीला घालायचीस, पाहुण्यांना तांब्याभांडं द्यायचीस. आम्ही बघत होतो, एवढंच.

आता तुझ्या वस्तू.

कापडी पिशव्यांचं गाठोडं त्या दिवशी बायकांनी वाटून घेतलं. काचेच्या बरण्या रेणुकाबाईंकडे आहेत, त्यांनी लोणचं घातलं आहे. मडकी अंगणात राबत आहेत. जुन्या साड्यांची गोधडी तू अर्धी सोडून गेलीस, ती मी दुपारी पुढे शिवते आहे. तुझे टाके मोठे आणि माझे बारीक, कुठून हात बदलला ते कुणालाही कळेल. तू टाकून द्या म्हणालीस, पण खरं सांगते, टाकायला काही उरलं नाही. सगळं कुणाच्या ना कुणाच्या हातात आहे.

मग मनात आलं, या घरात तुझं म्हणून आणखी काय राहिलं आहे? आणि तुझा निरोप वाचल्यापासून ज्या गोष्टीला मी बगल देत होते, तिथेच येऊन थांबले. राहिले आहे ती मी. त्या ‘टाकून द्या’मध्ये मीही धरलेली आहे का, देवश्री?

अपूर्व माझा मुलगा आहे. त्याच्याविरुद्ध माझ्याकडून एक शब्द येणार नाही, आणि तूही कधी तो मागितला नाहीस. काय झालं, का झालं, हे मी विचारणार नाही. तुम्ही दोघांनी विचार करून ठरवलं. परत ये, असंही मी म्हणत नाही. तू जिथे आहेस तिथे तुझं बरं चाललं तर मला आनंद आहे. मला फक्त एवढं कळत नाही, की कोर्टात दोघांचं नातं मोडतं तेव्हा तिसऱ्या माणसाचं काय होतं. त्याबद्दल कागदावर काहीच लिहिलेलं नसतं. यांना विचारलं. हे म्हणाले, “लिहिलेलं नाही, म्हणजे मनाईही नाही.” सगळा जन्म सरकारी कचेरीत काढलेला माणूस. त्यांचा हा अर्थ मला फार आवडला.

म्हणून ठरवलं आहे. रविवारी रथसप्तमी आहे. सकाळच्या बसने निघेन, आसिफाबादला बस बदलेन, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. स्वयंपाक करू नकोस, भाकरी आणि शेंगांची भाजी घेऊन येते. हळदीकुंकवाची कोयरी पिशवीत असेल. लावायचं की नाही ते तू सांगशील तसं. तुला नको वाटलं तर शनिवारपर्यंत फोन कर, मी येणार नाही. वाईट वाटणार नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? वाटेल. तरी येणार नाही.

आणि फोन आला नाही, तर दारात उभी राहीन. मला काय हाक मारायची याचा आधीपासून विचार करत बसू नकोस. आई म्हण, मावशी म्हण, नुसतं ‘अहो’ म्हण. दार उघडताना तुझ्या तोंडून जे येईल, त्याला मी ओ देईन.

तुझी,
विनोदिनी