आत्याबाईंच्या डोळ्यांसाठी रेशनकार्ड नेलंय

आवं,

तुमच्या आईला घेऊन मी सांगलीला चाललेय. तुमी फलटणला गेला आन् इकडं गावात डोळ्यांच्या शिबिराची जीप आली. रेशनकार्ड दाखवलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट, वर चष्मापन देत्यात. म्हणून कार्ड मी नेलंय, फळीवर शोधत बसू नका.

"फुकटाचं नको, पुढच्या रजेत पुण्याला नेतो," असं तुमी म्हणणार, ठाऊक हाय. पर दुष्काळात तुमी सरहद्दीवर होता, तवा आमी दोघी बांधाच्या कामावर सरकारनं फुकट वाटलेली गोड सुकडी खाऊनच जगलो. आत्याबाई आपल्यातली निम्मी सुकडी माझ्या पदरात टाकायच्या आन् म्हणायच्या, "मला गोड आवडत न्हाई गं." आपल्या लग्नात बुंदीचे लाडू लपवून खाणारी बाई ती! मग लिंबाखाली बसून मी तुमचं पत्र वाचायची आन् आत्याबाई त्या कागदावरनं नुसता हात फिरवायच्या. लय वाईट दिवस होते, तरी आठवले की त्या सावलीत जाऊन बसावंसं वाटतं.

भाकरी टोपल्यात हाय, कालवण चुलीवर झाकलंय. म्हशीला पाणी पाजा.

आन् एक सांगायचं राहिलं. परवा रजेवर आला तवा तुमी दारात उभं राहून "आई" म्हणाला, म्हणून त्यांनी तुमाला वळखलं. तोंड त्यांना दिसलंच न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलल्या न्हाईत. गुरुवारी पट्टी सोडणार हाईत. लोणंदहून गाडी धरा आन् तवा समोर उभं ऱ्हावा. काय बोलू मात्र नका.

अंजना