बाभळीखालचे ठिपके

मंगळवार, संध्याकाळ

डोकं लई फिरलंय. नवा जिल्हा झाला, लातुरात नवं ऑफिस आलं, आणि तिथं मला काढायला पहिलाच नकाशा मिळाला तो माझ्याच गावचा. दुष्काळात टँकर विहिरीत पाणी सोडतो, तेव्हा माणसं कुठून येतात, कुठं थांबतात, ते दाखवायचं. मी प्रत्येक बाईचा एक ठिपका काढला. गावच्या बाया विहिरीच्या काठावर. आमच्या बौद्धवाड्यातल्या दूर बाभळीखाली, कुणीतरी येऊन घागरीत वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत. ते ठिपके मुद्दाम ठळक काढले. वाटलं, साहेबाला लाज वाटेल.

लाज कसली! "झकास! यांच्यासाठी इथंच वेगळा हौद बांधू," म्हणाला, आणि बाभळीवर पेन्सिलीनं चौकोन मारला. आणि मी काय म्हणालो? "हो साहेब." थू माझ्यावर.

एस.टी.नं गावी आलो, आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं की रे. आता ताटकळावं लागणार न्हाई."

बाभळीखाली एक ठिपका तिचाच आहे. उद्या तो चौकोन मलाच शाईनं पक्का करायचाय.