दावलचे दोन तास

सोम. ता. १८ ऑक्टो. १९२६

नियम झाले एकदाचे. दिवाळीच्या लुगड्यांची घाई, आणि रोज संध्याकाळी तीच हुज्जत, कोण किती थांबला. सकाळी सगळ्यांना मागांच्या मधल्या वाटेत बसवून वाचले. गिरणीच्या भोंग्यावर काम सुरू, भोंग्यावर बंद. त्यापुढचं ते जादा काम (जा. का.), त्याला सव्वापट. सरकारचा कायदा मोठ्या गिरण्यांना, आपल्या छपराला नाही. तरी. जा. का. ज्याचं त्यानं शनिवारी दिवाणजींना तोंडी सांगायचं. खोटी वेळ सांगेल त्याचं काम सुटलं, मग तो कुणी असो.

"कुणी असो" जरा मोठ्यानंच वाचलं.

नरसय्या, आमचा जुना विणकर, शेजाऱ्याच्या कानात तेलुगूत म्हणाला, अण्णानं बायको सोडून सगळ्यांना बांधलं. मला तेलुगू कळते हे ही मंडळी विसरतात. म्हटलं, "नरसय्या, तिनंच सांगितलेत रे." असा लाजला!

बुध. ता. २०

दावल, आमचा रंगारी, रंगखान्यातून बाहेर आला, हात कोपरापर्यंत लाल. "शिवा, तेरा भोंगा आदमी कू सुनाई देता. रंग कू कौन सुनाएगा?" सुताच्या लड्या कढईत असताना भोंगा झाला तर काय करायचं म्हणतो. म्हटलं, थांब आणि शनिवारी सांग. "हौ. बोलूंगा की."

गावात मला "शिवा" म्हणणारा हा एकच उरला. गिरणीत कामाला लागलो तेव्हा दोघं एका खोलीत राहत होतो. तवे दोन, चूल एक. माझी भाकरी आधी, त्याचं कालवण मग.

गुरु. ता. २१

दुपारून कुंभारीला, हिच्या माहेरी. मेहुण्याला ताप. मुक्काम.

शुक्र. ता. २२

सकाळी परत. मेहुणा बरा. दावल दुपारी नमाजला गेला तो घरीच, त्याला आज तेवढीच पाळी. रंगखान्याचं कुलूप संध्याकाळी मीच घातलं.

शनि. ता. २३

वाईट दिवस.

सगळ्यांनी आपापलं जा. का. सांगितलं, हप्ता वाटायला बसलो. दिवाणजी (गोविंदराव, नातेपुत्याहून आलेत, आल्याला महिना नाही) वाचू लागले. "दावल, शुक्रवार, रात्री, दोन तास."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काल कुलूप मी घातलं हे सगळ्यांनी पाहिलेलं.

विचारलं, "दावल, काल रात्री होतास?"

"नै था."

"मग सांगितलंस कसं?"

"मैं ऐसा बोल्याच नै."

"दिवाणजी मनानं लिहितील?"

इथं थांबायला हवं होतं. पण "कुणी असो" हे माझेच शब्द, आणि इतकी माणसं. म्हणून बसलो, "नियम सगळ्यांना एकच आहे, दावल."

त्यानं कमरेचा पंचा सोडला, घडी केली, माझ्यासमोर ठेवला. "तू पूछ्या, शिवा. बस. हो गया." हप्ताही न घेता गेला.



रवि. ता. २४

सुट्टी. हिनं विचारलं, दावलभाईंनी खोटं सांगितलं असं तुम्हाला वाटतं? नाही म्हटलं. "मग दिवाणजींनी?" तेही वाटत नाही. "साकु री," कानडीत म्हणाली, पुरे आता, जेवा. जेवलो. काय जेवलो ते कळलं नाही.

सोम. ता. २५

दावल आला नाही. पक्क्या लालच्या लड्या अर्ध्या राहिल्यात, दुसरा कोणी हात लावीना. नरसय्या म्हणाला, "दुसरा रंगारी बगू का अण्णा?" नको म्हटलं. "मग नियम काय लिवले?"

दुपारी ओसरीवर बांगडीवाली खातूनबी हिच्या हातात चुडा भरत होती. मी आत आडवा. खातूनबी म्हणाली, "हरी बांगडी अब्बी नै, बाई. जुमेरात कू लाती मैं." ही म्हणाली, "गुरुवारी ना? बरं, विसरू नका हो."

उठून बसलो. तसाच पायताण घालून कारखान्यात. दिवाणजींना विचारलं, दावलनं शनिवारी कुठल्या शब्दांत सांगितलं? जसंच्या तसं बोला.

"म्हणाला, जुमेरात कू दो घंटा जादा."

"आणि जुमेरात म्हणजे?"

"जुम्मा म्हणजे शुक्रवार, रात म्हणजे रात्र." वर म्हणतात, "सरळ आहे, अण्णा."

इतका हसलो की मागांचे खटके थांबले. मग एकदम हसू गेलं. गुरुवारी मी कुंभारीला होतो. तो एकटा कढईपाशी थांबला होता, माझ्याच लुगड्यांसाठी.

लोक म्हणतात, अण्णाचे कान तिखट. पण दावलचं बोलणं मी दिवाणजींच्या कानानं ऐकलं.

सगळ्यांना तिथंच सांगितलं, दावल खरा, चूक आमची. दिवाणजींचा चेहरा पडला. बिचारे. त्यांच्या नातेपुत्यात गुरुवारच असतो.

मंगळ. ता. २६

दावलच्या घरी गेलो. दारात हुरमतभाबी. "आव शेठजी." इतकी वर्षं शिवाभाई होतो. आत गेलो.

जुमेरातची गोष्ट सांगितली. दावल हसता हसता खोकायला लागला, भाबीनं पाठ चोळली. मग खोकला थांबला आणि म्हणाला, "बात हँसने की है. पन तू उस दिन हँस्या नै."

खरं आहे. कधीही हा म्हणेल तेच खरं धरलं, एका शनिवारी धरलं नाही. चुकलो म्हटलं. तो ऐकून न ऐकल्यासारखं चहा ओतत राहिला. हप्ता पुढं केला, तो भाबीनं उचलला, त्यानं पाहिलं नाही.

उठताना म्हणाला, "रंग करूंगा. तेरा माल खराब नै होने दूंगा. पन मेरा वख्त मैं अपने मुँह से नै बोलूंगा. पयले दिन से सच बोल्या, देख्या क्या हुआ."

म्हटलं, मी मांडतो तुझं. "तू तो कुंभारी जाता," म्हणाला. भाबी तोंडावर पदर घेऊन हसली. तेवढंच बरं वाटलं.

गुरु. ता. २८

रंग करीन म्हणाला खरा, पण दावल दोन दिवस आलेला नाही. सगळ्यांना बसवून त्याची अट सांगितली. नियम आधी दुरुस्त केला, ज्यानं जे सांगितलं ते त्याला त्याच्या बोलीत परत वाचून दाखवायचं, मगच कायम. हे सगळ्यांना पसंत. पण दावलनं सांगायचंच नाही, हे?

नरसय्या उठला. "त्यो तुमचा दोस्त, त्याला नियम न्हाय. आमाला हाय. असं कसं?"

म्हटलं, बरोबर आहे तुझं.

तो उभाच. धोतराचा सोगा पिळत राहिला. मग म्हणाला, "रंगखान्याचा धूर माज्या मागावरनं दिसतोय. त्याचा वेळ मी सांगतो की."

"आणि त्याच्यासाठी तू थांबलास, तर तुझा वेळ कोण सांगणार?"

"त्यो सांगंल."

सगळे हसले, नरसय्या नाही. मीही नाही. अपना वख्त अपने मुँह से नै, असं दावल म्हणाला. दुसऱ्याचा सांगेल का, ते मी विचारलंच नाही.

म्हटलं, नरसय्या, तूच जा आणि विचार त्याला. माझ्या तोंडून नको.

भोंगा झाल्यावर गेला. धुतलेला सदरा घालून गेला. दिवे लागले, अजून परत नाही. ह्याची तेलुगू, त्याची दखनी, मध्ये दोघांची मोडकी मराठी. काय बोलतात, किती कळतं, देव जाणे. अजून बोलणंच चाललंय त्यांचं, की भाबीनं जेवायला बसवलंय?

दिवाणजी आत्ता येऊन विचारून गेले, "अण्णा, मी जाऊ का? दोघांना समजावून सांगायला?"

म्हटलं, तुम्ही बसा.