सूज पायाला, हात मानेला

ती. दादांस,

मी, आपला धाकटा भाऊ, वाणिज्य पदवीधर, आईच्या सुजलेल्या पायाची रोज मालिश करणारा, निषेध नोंदविण्यासाठी लिहीत आहे.

साचलेल्या द्रवाला वाट मिळावी म्हणून ही मालिश मानेपासून सुरू करतात, तीही त्वचा जेमतेम सरकेल इतक्या हलक्या हाताने. आपण वर्षाने उगवलात आणि पाहुण्यांसमोर म्हणालात, "सूज पायाला, अन् हा शहाणा मान गोंजारतोय!" मग कणीक तिंबावी तसा तो पाय तिंबलात, वर फोटो काढवून घेतलात. आता पाय लालबुंद होऊन दुप्पट सुजला आहे. मला आपली शिसारी आली.

"ओरडली का नाहीस?" मी आईला विचारले.

"ओरडले असते तर त्याने हात काढला असता रे."

शिसारी कायम आहे. पत्र मात्र पाठवीत नाही.

आपला धाकटा भाऊ
स्थळ : आईच्या खाटेजवळ
दिनांक : १४ नोव्हेंबर