डायरेक्टरबाईंचा जबाब

बाबा,

मी कंपनीची डायरेक्टर झाले हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "म्हणजे करायचं काय असतं?" मी म्हटलं, सही. इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या गुंगालिनमध्ये दर दुसऱ्या आयटीवाल्याची स्वतःची कंपनी असते. नवरा एक डायरेक्टर, बायको दुसरी, आणि हेड ऑफिस गराजमध्ये, कपड्यांच्या स्टँडशेजारी. आमच्याकडे तर चार माणसं पगारावर होती, त्यामुळे माझा रुबाब जरा जास्तच. तुम्ही पतपेढीत आयुष्य काढलंत. जामीन राहून अडकलेली माणसं आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यायची. एकदा असेच एक काका रडून, चहा पिऊन गेले आणि मी आईला त्यांची नक्कल करून दाखवते आहे, नाक ओढत, हात जोडत. आई हसते आहे. तुम्ही दारात उभे. "आपल्या घरचा चहा पिऊन गेलाय तो," एवढंच म्हणता आणि दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. हल्ली इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत माझी नक्कल कोण करत असेल, याचा मी अंदाज बांधत असते. दोन नावं पक्की आहेत.

कारण असं, की त्या चौघांच्या पगारातून कापलेला टॅक्स आम्ही सरकारकडे भरलाच नाही, कितीतरी तिमाह्या, आणि इथे असं देणं डायरेक्टरांच्या अंगावर येतं. आधी कंपनी बुडाली, मग लग्न. लग्नाला कागद कमी लागले. गेल्या वर्षी नवऱ्याने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच्यापुरतं हे देणं पुसलं गेलं. माझ्यापुरतं नाही. मला वाटलं होतं, निम्मं माझं, निम्मं त्याचं. तसं नसतं म्हणे. दोघांपैकी जो सापडेल त्याच्याकडून सगळंच. मी लगेच सापडते. मला नोकरी आहे, फ्लॅट आहे, फोन उचलायची वाईट सवय आहे. लेक विचारते, "मम, आर वी मूव्हिंग?" मी म्हणते, आधी जेव.

वकीलबाई म्हणाल्या, एक वाट आहे. टॅक्स थकायला लागला त्या वर्षी माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. आजारपणामुळे मी कारभारात नव्हते, मला काहीच ठाऊक नव्हतं, असं खरोखर असेल तर तसा जबाब लिहून द्यायचा. फ्लॅट कदाचित वाचेल. मैत्रिणींनी तर निकालही देऊन टाकला, बिचारीने नवऱ्याने दाखवलं तिथे सही केली. बिचारी व्हायला मला आयुष्यात पहिल्यांदाच इतका चांगला भाव मिळत होता.

आज सकाळी लिहायला बसले. बाहेर गाडीच्या काचेवर बर्फ साचलेला, आत हीटर. दोन ओळी झाल्या आणि तुमची हॉस्पिटलमधली खोली आठवली. तुम्हाला ॲडमिट केल्याचा फोन आला तेव्हा नवरा आणि मी याच टेबलाशी होतो. कंपनीच्या खात्यात फक्त टॅक्सचे पैसे होते, ते मला नीट दिसत होतं. तो म्हणाला, "पुढच्या तिमाहीत भरू. तू आधी बाबांकडे जा." त्याच्याबद्दल मी पुष्कळ वाईट बोलते, ते बहुतेक खरंही आहे, पण हे तो म्हणाला होता. तिकीट मी स्वतः काढलं. पुढच्या तिमाहीत भरायचं मग दर तिमाहीत सोपं होत गेलं.

तुम्ही जायच्या आधी नऊ दिवस मिळाले. माझ्या हातून मऊ भात खाताना तुम्ही मीठ कमी असल्याची तक्रार केलीत, आणि मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन रडले. नंतर तुम्ही विचारलंत, "तिकीट कितीला पडलं?" मी म्हटलं, ऑफिसने काढून दिलं. तुम्ही शेजारच्या पेशंटलाही ते कौतुकाने सांगितलंत.

वकीलबाईंना मघाशी एकच ओळ कळवली, मला ठाऊक होतं. फ्लॅट बहुतेक जाईल. हे बाकीचं कुठेच पाठवायचं नाही. तिकीट ऑफिसने काढलं नव्हतं, बाबा. आणि तुम्हाला आवडणार नाही, पण आज तो फोन आला तर मी पुन्हा तेच पैसे उचलेन.