सोमवारचा ताप

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

किळस आली. कृष्णकांत डबा विसरला म्हणून सावनेरला आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यावर गेले. आत धूर कोंडलाय असं वाटलं – धूर नाही, कापसाची धूळ. तारांवर, बायकांच्या पापण्यांवर. चहावर तर सायीसारखी. मशीनमध्ये कापूस टाकणाऱ्या सिंधूताई भिंतीला टेकून खोकत होत्या. पदरात थुंकल्या. करडं, चिकट, त्यात रुईचे तंतू.

"सोमवारीच असं होते बाई. छातीवर गोटा ठेवल्यावानी. संध्याकाळी हिव भरते. मंग शनिवारपावतो बरं वाटते."

माझा नवरा, कृष्णकांत, हसला. "रविवारची दारू हाय ते. नाही तं सगळ्याइले सोमवारीच काहून होते?"

सिंधूताई पंचशील पाळतात. घरात दारूचा थेंब नाही. मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

१२ नोव्हेंबर

नाक शिंकरलं तर अजून करडं येतंय. जेवले नाही.

१४ नोव्हेंबर

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते मी, आणि तीन दिवस लागले हे सुचायला. बोंडावर जिवाणू असतात. ते मरतात, वाळतात, पण त्यांच्या बाहेरच्या आवरणातलं एक द्रव्य – एंडोटॉक्सिन – धुळीत तसंच उरतं. जिवाणू मेला तरी ते निकामी होत नाही. श्वासातून छातीत गेलं की तिथल्या राखणदार पेशींना वाटतं, शत्रू शिरला. मग सूज, ताप, धाप. रोज रोज मारा झाला की पेशी कंटाळून जरा गप्प होतात. रविवारी सुट्टी. सोमवारी पुन्हा खडबडून जाग्या.

दारू म्हणे!

१९ नोव्हेंबर

काल पुन्हा गेले. मशीनवरची धूळ डबीत भरून आणली. आज मैत्रिणीकडे, मेघाकडे नेली – औषधाच्या कारखान्यात ती सलाईनमध्ये हेच द्रव्य तपासते. ते असेल तर नळीतलं तपासणीचं द्रावण गोठतं. मेघा धुळीचं पाणी पातळ करत गेली, तरी गोठतच गेलं. नळी उलटी धरली. गोळा बुडाला चिकटलेला, हलेना.

"सलाईनमध्ये असतं तर सगळा माल फेकून दिला असता आम्ही," म्हणाली. "आणि बाया हे दिवसभर हुंगून राहिल्या?"

२० नोव्हेंबर

जेवताना कृष्णकांतला सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं. धूळ ओढणारे पंखे बसव, चांगले मास्क दे, म्हटलं.

"सगळ्याइले सारखंच होते का?"

"नाही. काहींचं शरीर जास्त चिडतं."

"असं हाय तं," म्हणाला, आणि आणखी एक पोळी घेतली. मला बरं वाटलं. किती दिवसांनी तो मला काही विचारत होता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कृष्णकांतनं सिंधूताईंना फाटकावरूनच परत पाठवलं. खोकणाऱ्या बाकीच्या बायांनाही. त्यांच्या जागी कुही तालुक्यातून नव्या पोरी आणल्यात. पंखे नाहीत. मास्क नाहीत.

"तूच तं म्हणाली होती ना, भैरवी. ज्याइले सोसत नाही त्याइनं येऊच नाही. त्याइच्याच तब्येतीसाठी हाय."

भात कालवत बोलत होता. नखांत रुई. मला त्या बोटांची शिसारी आली. मग माझ्या जिभेची. बायांचा आजार मी त्याला समजावून दिला आणि त्यानं त्याची चाळणी केली.

ताट तसंच ठेवून उठले.

२६ नोव्हेंबर

सिंधूताईंच्या घरी गेले. मेघाकडे काय निघालं ते सांगितलं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या,

"म्हंजे मी नाटक नव्हती करून राहिली."

"नाही."

"हे कामगार हापिसातल्या सायबासमोर सांगता का बाई? मी एकटी सांगीन तं दारूचीच गोष्ट होईन."

मी चहा पिऊन तशीच घरी आले.

२७ नोव्हेंबर

नव्या पोरींपैकी एक आज तापानं फणफणली, असं कृष्णकांतच सांगत होता. "हवा बदलली ना." 

२८ नोव्हेंबर

सिंधूताईंबरोबर कामगार कार्यालयात तक्रार द्यायला गेले. साहेबानं त्यांचं लिहून घेतलं, मग माझं.

"मालकाशी ओळख?"

"बायको आहे मी त्यांची."

त्यानं पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, लिहा.